शकूमावशींच्या आखूड रेघा

शकूमावशी, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. त्यातले तेरा दिवस मी कामावर गेलो. तेरांपैकी आठ दिवस सात चौदाची गाडी वेळेवर आली, चार दिवस उशिरा आली आणि एक दिवस आलीच नाही. सगळ्यात जास्त उशीर अकरा मिनिटांचा, गेल्या गुरुवारी. कारण फलकावर दिलं नव्हतं. ही बातमी रोज तुम्हाला द्यायची सवय लागली आहे आणि आता ती कुणाला द्यायची ते कळत नाही, म्हणून आधी तीच लिहून टाकली.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही हेल्डरफेन या डच खेड्यात घर घेतलं तेव्हा ऑफिसातल्या मराठी मंडळींनी मला वेड्यात काढलं होतं. ते सगळे ऑफिसजवळच्या बेस्ट नाहीतर फेल्डहोवन गावात, एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर, आणि हा माणूस दोनदा गाडी बदलून कामावर यायला लागेल अशा गावात निघालाय. मी त्यांना तक्ता करून दाखवला होता. खोल्या किती, बाग केवढी, घरापासून स्टेशन चारशे दहा मीटर. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, पण तिथे आहे कोण?

पहिल्या सोमवारी मी स्टेशनवर उभा राहून पुण्याला आईशी फोनवर बोलत होतो. तीही तेच विचारत होती. मी म्हणालो, अगं कसलं स्टेशन, दोन बाक आणि एक काचेचा आडोसा, माणूस औषधालाही नाही. पाठीमागून आवाज आला, "माणूस आहे की. आणि आईला सांग, गाडी दोन मिनिटं लेट आहे."

वळून पाहिलं तर स्टेशनच्या जुन्या इमारतीच्या खिडकीत पांढऱ्या केसांची, जाड स्वेटर घातलेली एक बाई बटाटे सोलत उभी. फोन तसाच कानाला धरून मी विचारलं, तुम्ही मराठी? तुम्ही म्हणालात, "मिरजेची. तू गाडीत बस आता, मी कुठं पळून जात नाही."

पुढची सगळी हकीगत मला तुकड्या-तुकड्यांनी कळली, कारण तुम्ही ती गाडी येईपर्यंतच्या मिनिटांत सांगायचात आणि गाडी दिसली की वाक्य अर्धं सोडून द्यायचात. मिरजेत नर्सिंग शिकलात, सव्विसाव्या वर्षी इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या वृद्धाश्रमात नोकरी धरलीत. हेल्डरफेनच्या स्टेशनवर उतरलात त्या दिवशी आश्रमाची गाडी न्यायला यायची होती, ती आलीच नाही. तिकिटाच्या खिडकीतला उंच पोरगा बाहेर आला, त्याने तुमची पेटी सायकलला बांधली आणि सायकल ढकलत तुम्हाला आश्रमापर्यंत पोचवलं. तो हेंक, पुढे इथलाच स्टेशनमास्तर. त्याच्याशी लग्न करून तुम्ही स्टेशनच्याच इमारतीत राहायला आलात. गावातल्या लोकांसाठी तो हेंक होता, तुमच्यासाठी शेवटपर्यंत 'माझा तिकीटबाबू'.

तुमची मराठी तुम्ही मिरज सोडलीत त्या दिवशीची होती. मधल्या पन्नास वर्षांत तिच्यात काही डच शब्द आले, प्लॅटफॉर्मला तुम्ही 'पेरॉन' म्हणायचात, पण इंग्रजी जवळपास नाहीच. माझं बोलणं ऐकून तुम्हाला हसू यायचं. एकदा तुम्ही मला थांबवून माझंच वाक्य परत म्हणून दाखवलंत, की मीटिंग पोस्टपोन झाली आहे, डेडलाइन एक्स्टेंड झाली आहे. आणि म्हणालात, "यात मराठी 'झाली आहे' एवढंच. उरलेलं कुणाचं?"

आमच्या लेकीशी, सईशी, तुम्ही मुद्दाम डच येत नसल्यासारखं वागलात. ती घरी आमच्या मराठी प्रश्नांना डचमध्ये उत्तरं द्यायची. तुमच्याकडे तिला ते चालवता आलं असतं, तुमची डच तर तिच्याइतकीच चांगली. पण तुम्ही तिच्या डच वाक्यापुढे नुसत्या वाट बघत बसायचात. ती मराठीत बोलली की बिस्किटांचा डबा उघडायचा. आज ती मोडकंतोडकं का होईना, पुण्याच्या आजीशी बोलते, ते त्या डब्यामुळे. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मला वाटायचं, ते तुम्हाला कळतंच.

स्टेशनबद्दल जे काही मला माहीत आहे ते तुमच्याकडूनच. इमारत लाइनीएवढीच जुनी. तळमजल्यावर दोन प्रतीक्षागृहं, एक वरच्या वर्गाचं आणि एक तिसऱ्या वर्गाचं, मधे तिकिटाची खिडकी, वर स्टेशनमास्तरचं बिऱ्हाड. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे ते तिसऱ्या वर्गाचं प्रतीक्षागृह. पाहुण्यांना तुम्ही सांगायचात की वरच्या वर्गात मी फक्त इस्त्री करते. तेव्हा इथे दोन रूळ होते आणि मागे मालधक्का होता. सांगलीकडे ऊस तसं इथे बीट, म्हणायचात. थंडी सुरू झाली की साखर कारखान्याचे डबे रात्रंदिवस भरायचे आणि दारात चिखल. मग ट्रक आले. मालधक्का गेला, पाठोपाठ दुसरा रूळही उचलून नेला. तेव्हापासून समोरासमोरच्या गाड्या पुढच्या मोठ्या स्टेशनात एकमेकींसाठी थांबतात आणि एकीला उशीर झाला की दुसरीलाही होतो. तिकिटाची खिडकी बंद झाली त्या दिवशी हेंकने शेवटचं तिकीट तुम्हालाच दिलं, शहरापर्यंतचं, जाऊन-येऊन. तुम्ही गेला नाहीत. ते तिकीट चौकटीत घालून फडताळावर ठेवलंत. इमारत पाडायची ठरत होती, ती हेंकने विकत घेतली. मग तिकिटाचं पिवळं यंत्र आलं, मग प्रवासाचं कार्ड लावायचे खांब आले. आता घोषणासुद्धा कुठूनतरी लांबून होते. गाडी दोन डब्यांची, डिझेलवर चालणारी, तासाला एक, सकाळी कामाच्या वेळी अर्ध्या तासाला. एवढंच राहिलं होतं आणि तेवढंच पुरे होतं.

आणि तुमची वही.

ती पद्धत हेंकची. नोकरीत असताना प्रत्येक गाडीला किती चढले, किती उतरले ते त्याला रोजच्या नोंदीत लिहावं लागे. खिडकी बंद झाल्यावरही त्याने ते सोडलं नाही. चौकटीच्या वह्या, डावीकडे गाडीची वेळ, समोर रेघा, पाचवी रेघ आडवी. तो गेल्यावर तुम्ही पुढे चालू ठेवलंत. सगळ्या गाड्या नाही, तुम्ही जाग्या आणि स्वयंपाकघरात असाल तेवढ्या. पण ज्या गाडीची नोंद नाही तिथे तुम्ही रिकामी जागा सोडायचात, अंदाजाने काही भरायचा नाहीत. मी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासून पोट भरणारा माणूस. मला ती रिकामी जागा पहिल्यांदा दिसली तेव्हाच तुमच्याबद्दल फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी पत्र आलं की संध्याकाळी आठनंतरच्या गाड्या हेल्डरफेनला न थांबवण्याचा विचार चालू आहे. इथला थांबा वगळला की शहरात पुढची गाडी हमखास मिळते, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. गावसमितीचा अध्यक्ष याप, तुमच्या शेजारचा शेतकरी, गाडी चालवणाऱ्या कंपनीतल्या बाईंशी फोनवर बोलला. बाई म्हणाल्या, संध्याकाळच्या गाडीला चढणाऱ्यांची सरासरी दोन आकडी असेल तर बोलता येईल. यापने तुमच्याकडे वह्या मागितल्या आणि तुम्ही त्या माझ्या हातात दिल्यात. म्हणालात, "आकड्यातलं काम याचं." मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मी पाच शनिवार बसून तुमच्या रेघा मोजल्या आणि तक्ता केला. संध्याकाळच्या गाड्यांची सरासरी अकरा आली. यापने तो तक्ता सभेच्या निमंत्रणाबरोबर सगळ्या घरांना, कंपनीला आणि प्रांताच्या कचेरीला पाठवून दिला. गावात सगळे खूश. बेकरीवाल्याने मला रांगेत पुढे बोलावून पाव दिला.

सभा मंगळवारी होती. तिच्या आधीच्या रविवारी मी सईला आठ चौदाच्या गाडीवर सोडायला आलो. ती तेव्हा नुकतीच उट्रेख्तला शिकायला गेली होती. शनिवार-रविवार घरी यायची, धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन परत जायची. उजेड होता. गाडीत पाच जण चढले. मी मोजले असं नाही, नजर पडली की मोजले जातात. गाडी गेल्यावर मी तुमच्याकडे डोकावलो. वही टेबलावर उघडी होती. आठ चौदासमोर नऊ रेघा.

मी म्हणालो, मावशी, चढले पाचच. तुम्ही बटाट्यावरची नजर काढली नाहीत. "होय की. पाच मोठ्या, चार बारक्या. बारक्यांत एक तू."

मी वही दिव्याखाली धरली. पाच रेघा चौकट भरून होत्या, चार अर्ध्या उंचीच्या. हे मी शेकडो पानांवर पाहिलं होतं. मला वाटलं होतं, वय झालं, हात कापतो. मी मागची पानं चाळली. आखूड रेघा सगळीकडे होत्या, संध्याकाळच्या गाड्यांना जास्त, रविवारी सगळ्यात जास्त. हेंकच्या वह्यांत एकही नाही. पोचवायला आलेली माणसं तुम्ही आखूड रेघेने लिहीत होतात आणि मी ती गाडीत बसवून अकरा सरासरी काढली होती.

मी सांगू लागलो की पोचवायला आलेला माणूस प्रवासी नाही, त्याने कार्ड लावलेलं नसतं, कंपनीच्या लेखी तो नाहीच. तुम्ही विचारलंत की स्टेशन नसतं तर तू आत्ता इथे आला असतास का. मी म्हणालो, प्रश्न तो नाही. तुम्ही सुरी खाली ठेवलीत.

"मिरजेहून निघाले तेव्हा मला पोचवायला एकवीस माणसं आली होती. अण्णांनी एकवीस प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. रेल्वेनं मोजली होती ती माणसं, विवेक."

"इथे प्लॅटफॉर्म तिकीट नाही, मावशी."

"होतं. हेंकच्या आधीच्या मास्तरच्या वेळी होतं. तिकीट बंद केलं म्हणून माणसं यायची बंद झाली?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं असतं, पण तुम्ही म्हणालात, बटाटे खाली लागतायत, उद्या बोलू. ते उद्या झालंच नाही. सोमवारी मी रजा टाकली नाही पण संध्याकाळी लवकर आलो आणि सगळ्या वह्या पुन्हा उघडल्या. लांब रेघा तेवढ्या धरल्या. सरासरी सात आली. मी दोनदा तपासली. सोमवारी आणि मंगळवारी मिळून मी तुमच्या खिडकीवरून चार वेळा गेलो. चारही वेळा तुम्ही आत होतात. एकदाही थांबून सांगितलं नाही की मावशी, आकडा सात आहे आणि मी तो सभेत सांगणार आहे. मला माहीत होतं की थांबलो तर वाद होईल, आणि वाद झाला तर कदाचित मी हरेन.

सभागृहात तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात, निळा कोट, मांडीवर पर्स. यापने तक्ता पडद्यावर लावला. मी उभा राहून म्हणालो की यातला आकडा चुकला आहे, अकरा नाही, सात. कंपनीच्या बाईंनी चष्मा वर करत विचारलं, फरक कशाने पडला? आणि मी तुमच्याबद्दल डचमध्ये म्हणालो, "बाईंची मोजणी बरोबर नाही."

माझी डच बेताची आहे, लांब वाक्य जमत नाही, ही सबब मी स्वतःला कितीतरी महिने दिली. पण 'त्यांनी पोचवायला आलेलेही मोजले' एवढं वाक्य मला येत होतं. त्यातला प्रत्येक शब्द मला येत होता. मी ते म्हटलं नाही, कारण त्याने चूक माझ्याकडे आली असती. रेघा दोन प्रकारच्या होत्या आणि त्या वाचायचं काम माझं होतं. ज्या गावात तुम्ही पन्नास वर्षं राहिलात, जिथल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तुम्ही शेवटच्या दिवसांत हाताने भरवलंत, त्या गावासमोर मी सांगितलं की या बाईंना मोजता येत नाही. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. पर्सची कडी उघडली, पुन्हा लावली. मागून कोणीतरी म्हणालं की हा तर आमच्यापेक्षाही डच निघाला, आणि त्यावर कोणी हसलं नाही.

आकडा बदलला नसता तर थांबा वाचला असता, असं मी म्हणत नाही. त्यांचं आधीच ठरलेलं असेल. पण ते आता कधीच कळणार नाही, आणि कळणार नाही ते माझ्यामुळे. डिसेंबरच्या नव्या वेळापत्रकात आठनंतरच्या गाड्यांसमोर हेल्डरफेनचं नाव नव्हतं. शहरातून आपल्याकडे येणारी शेवटची गाडी आता सात अडतीसची. त्यानंतरच्या गाड्या आपल्या पेरॉनवरून न थांबता जातात आणि सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात थांबतात. सई रविवारी दुपारीच निघायला लागली.

सभेनंतर मी तुमच्याकडे यायचं बंद केलं. सकाळी पेरॉनच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचो, जिथून खिडकी दिसत नाही. माझी बायको मनीषा मला म्हणाली, अरे जाऊन बोलून तरी ये, त्या काय तुला खाणार आहेत? मी म्हणालो, त्या रागावल्या आहेत, जरा शांत होऊ देत. तेविसाव्या दिवशी गाडी सहा मिनिटं उशिरा होती आणि पाऊस तिरका लागत होता. तुम्ही खिडकी उघडून हाक मारलीत, "तिकडं भिजत काय उभा राहिलायस? चहा केलाय." मी आलो. तुम्ही चहा दिलात, आल्याचा, साखर कमी. सभेबद्दल एक अक्षर नाही. वहीत त्या दिवसाचं पान बघितलं, तर आखूड रेघा होत्याच. मीही विषय काढला नाही. गावातले लोकही माझ्याशी नीट वागत होते. सभेनंतर महिन्याभरात यापने बटाट्यांचं पोतं आणून दारात ठेवलं, पुढच्या वर्षी मला गावसमितीवर घेतलं. मला वाटायचं, खरं बोललो म्हणून हे लोक मला मान देतात. डच माणसाला खरेपणाची कदर असते, असं मी मनीषाला दोन-तीनदा सांगितलंसुद्धा.

या वर्षी तुम्हाला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तुम्ही मला दोन गोष्टी बजावल्यात. रोज यायचं नाही, आणि येशील तेव्हा गाडीची बातमी घेऊन यायचं. मी सोळा वेळा आलो. ऑफिसातून सुटून सहाला तुमच्याकडे, सात वीसला उठायचो, अकरा मिनिटं चालत स्टेशन, सात अडतीसची गाडी. सकाळी कोण चढलं ते मी सांगायचो आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. लाल टोपीवाला आला होता? शाळेच्या बाईंची सायकल होती का? कुणाला पोचवायला कोण आलं होतं तेही विचारायचात, आणि मी आता तेही नीट बघून ठेवत होतो. एकदा एका नर्सने विचारलं, हे तुमचे चिरंजीव का. तुम्ही म्हणालात, नाही, हा माझा ऑडिटर. आणि हसताना तुम्हाला खोकला लागला, तो पाच मिनिटं थांबला नाही.

शेवटच्या त्या बुधवारी मी ठरवून आलो होतो. वाक्य गाडीत जुळवलं होतं. आकड्याबद्दल माफी मागायची नव्हती, आकडा सातच होता आणि मी आजही सातच सांगेन. तुम्हाला मोजता येत नाही असं मी बोललो, त्याची माफी मागायची होती. तुम्ही थकला होतात. बातमी ऐकून झाली, तुम्ही माझ्याकडे पाणी मागितलंत, मग सात सतराला मी म्हणालो, मावशी, त्या सभेबद्दल एक सांगायचं होतं. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत.

"जा, गाडी चुकेल तुझी."

भेटीची वेळ साडेआठपर्यंत होती. मनीषाला फोन केला असता तर ती मोठ्या गावाच्या स्टेशनवर कार घेऊन आली असती, पंधरा मिनिटांचं काम. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तुम्ही जा म्हणालात, आणि मला सुटल्यासारखं झालं. मी कोट चढवला. सात अडतीस वेळेवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात चौदात बसलेला असताना यापचा फोन आला.

तुम्ही सगळं आधी लिहून ठेवलं होतं. हेंकशेजारची जागा, सभागृह, कॉफी, कोणता केक. केक दोन प्रकारचा, कारण वृद्धाश्रमातल्या लोकांना साखर चालत नाही. चौऱ्याऐंशी माणसं आली. यापने विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. शाळेच्या बाई बोलल्या, आश्रमातल्या एक जोगीण बोलल्या. मग मी उठलो. घरी लिहून, सईकडून डच तपासून आणलेली चार वाक्यं वाचली. या सभागृहात मी एकदा म्हणालो होतो की बाईंची मोजणी बरोबर नाही. ते खोटं होतं. बाई गाडीत चढणारे लांब रेघेने लिहीत होत्या आणि पोचवायला येणारे आखूड रेघेने, आणि त्यांची एकही रेघ चुकलेली नाही. चूक वाचणाऱ्याची होती, म्हणजे माझी. मी खाली बसलो. लोक आपापल्या कपात बघू लागले. मला वाटलं, उच्चार चुकले असतील.

थोड्या वेळाने याप दोन कप घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, "तू हे काय बोललास? तिनं आम्हाला वेगळंच सांगितलं होतं."

मग त्याने सांगितलं. सभेच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही सायकलवरून त्याच्याकडे गेलात. त्याच्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसलात आणि म्हणालात की चूक माझीच होती, ती मला रविवारीच कळली, पण गावासमोर उभं राहून सांगायचा मला धीर होईना, म्हणून मीच विवेकला सांगायला लावलं. त्याच्यावर राग धरू नका, पोराने माझं ऐकलं एवढंच. मग बेकरीत. मग शाळेच्या बाईंकडे. मग एकेक करून बाकीची घरं. यापच्या हिशेबाने तीन आठवडे लागले, कारण गुडघ्यामुळे दिवसाला दोनच घरं व्हायची.

याप गावासाठी स्टेशनची एक छोटी पुस्तिका करतो आहे, इमारतीपासून ते बंद झालेल्या थांब्यापर्यंत. त्यात सभेबद्दल एक परिच्छेद आहे. त्याने विचारलं, आता तुमच्या दोघांपैकी कोणाचं लिहू? मी म्हणालो, माझं. तिला रेघ न् रेघ माहीत होती, असं लिही. तो म्हणाला, ती असती तर तिनं मला हे लिहू दिलं नसतं. मी म्हणालो, ते मला माहीत आहे, तरी लिही.

मावशी, ज्या तेवीस दिवसांत मी खिडकी चुकवून पेरॉनच्या टोकाला उभा राहत होतो, त्याच दिवसांत तुम्ही, सत्त्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने घरोघर जाऊन माझी चूक स्वतःच्या नावावर घेत होतात. ते पोतं, ती समितीवरची जागा, सगळं तुमच्या सायकलीवरून आलं होतं. पाऊस लागत होता त्या दिवशी हाक मारलीत, तेव्हा तुमची शेवटची घरं नुकतीच झाली असणार. म्हणजे तुम्ही काम संपेपर्यंत थांबला होतात.

आणि ते सगळं मी चार वाक्यांत मोडून टाकलं. त्याच सभागृहात, पुन्हा तुम्हाला न विचारता. या वेळी तुम्ही खरोखर रागावला असतात. पण या वेळी मी दुसऱ्याच दिवशी सकाळी, सात चौदाच्या आधी, चहाला आलो असतो.